खांद्याशी दोन भोकं

अलिबागेत सध्या एक नवी जमात दिसू लागली आहे. गाडी घरगुती, हप्त्यांवरची हॅचबॅक. मागच्या काचेवर ‘आई एकविरा प्रसन्न’, डिकीत घडीची चटई आणि पाण्याचा कॅन. आणि पुढे, ड्रायव्हरच्या जागी, लाल-काळी रेसिंगची बकेट सीट. एकसंध कवचाची, मागे न झुकणारी, मांड्यांच्या दोन्ही बाजूंना बांध घातलेली. या सीटमध्ये स्वतःला कोंबून आपला वीर रोज चेंढऱ्याहून एसटी स्टँडापर्यंत जातो. दूध आणतो. परत येतो.

सीटचं प्रयोजन साधं आहे. गाडी भयंकर वेगात वळली की चालवणाऱ्याचं अंग बाजूला फेकलं जातं, ते जागच्या जागी राहावं. वडखळ नाक्यावरच्या रविवार संध्याकाळच्या कोंडीत अंग नेमकं कुठे फेकलं जाणार, हा प्रश्न मी एकाला विचारला. ‘फील येतो काका,’ तो म्हणाला. फील येत असेल. पनवेल ते इंदापूर रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं काम संपायची वाट बघता बघता लायसन्सच्या वयाची झाली, आणि आता त्यांनी रेसिंग सीट बसवल्या आहेत. खड्ड्यात गाडी आपटली की जुन्या सीटचा स्पंज थोडा तरी धक्का खायचा. नव्या सीटला स्पंज नावापुरता. खड्डा थेट माकडहाडाला येऊन भेटतो. हाच तो फील असावा.

पण माझं लक्ष खिळलंय ते भोकांवर. सीटच्या पाठीला, खांद्याच्या जरा वर, दोन मोठी भोकं असतात. काहींना कमरेशी आणखी दोन, आणि मांड्यांमध्ये एक. ती शोभेची नाहीत. शर्यतीच्या गाडीत खांद्यांवरून येणारे दोन पट्टे त्या वरच्या भोकांतून पुढे येतात, कमरेचे दोन बाजूंनी येतात, मांड्यांमधले खालून येतात, आणि सगळे पोटावरच्या एका गोल बकलात अडकतात. माणूस गाडीला शिवला जातो. सीट बनवणाऱ्याने आधी भोकांचा विचार केला आणि मग उरलेल्या जागेत सीट बसवली, असं म्हटलं तरी चालेल. शर्यतींच्या जगात ८८५५-१९९९ या मानकाच्या सीटला बनवल्यापासून ५ वर्षांचं आयुष्य असतं. पुढे ती कितीही चकचकीत दिसली तरी बाद. आपल्याकडे त्या मानकाचं स्टिकर तेवढं येतं, आणि ते कधीच बाद होत नाही.

तर त्या भोकांतून आमच्या किनाऱ्यावर काय काय जातं, याची मी नोंद ठेवू लागलो आहे. एकाच्या भोकातून चार्जरची वायर जाते. एकाने घाम पुसायचा नॅपकिन ओवलाय. थळच्या एका गाडीत डाव्या भोकाला बोंबलांची पिशवी लटकवलेली होती, काचेला वास लागू नये म्हणून. सणासुदीला झेंडूची माळ एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. नागावच्या एका गृहस्थाचं मागे बसलेलं पोरगं तर त्यातून हात घालून बापाचा कान पिरगाळतं, आणि बाप लगेच गाडी हळू करतो. त्या सीटचा सुरक्षेसाठी झालेला एवढा एकच उपयोग माझ्या पाहण्यात आहे. भोकांतून फक्त एक गोष्ट जाताना दिसत नाही. पट्टा.

पट्टा का नाही? कारण तो अडकवायला मागे भक्कम आडवा दांडा लागतो, दांड्याला लोखंडी पिंजरा लागतो, पिंजरा बसवला की मागची सीट जाते, आणि मागची सीट गेली की सासूबाई कुठे बसणार? पिंजऱ्याशिवाय पट्टे बांधले तर गाडी उलटल्यावर टप खाली येतो आणि माणूस ताठ शिवलेला. त्याला वाकताही येत नाही. म्हणजे पट्टा नाही हे एका परीने बरंच. मग गाडीचा मूळ पट्टा तरी लावावा? तो आता बसत नाही, कारण सीटचा मांडीकडचा बांध बकलाच्या वाटेत येतो. आणि पट्टा लावला नाही की गाडी टुंग-टुंग वाजते. यावर उपाय म्हणजे बकलात खोचायची पोकळ जीभ. गाडीला वाटतं पट्टा लागला, ती गप्प बसते. ऑनलाइन दुकानांतून या जिभा हटवण्याचे आदेश २०२३ साली निघाले, तरी आमच्या वीराकडे ती आहेच, किल्लीच्या जुडग्याला लावलेली, पट्टा न लावल्याचा दंड हजार रुपये असताना. आता मात्र माझं डोकं फिरतं. अरे, फुकट आलेला एक पट्टा तुला छातीवर नको, इस्त्री मोडते, गुदमरायला होतं, ‘इथेच तर जायचंय’. आणि सहा पट्ट्यांच्या भोकांसाठी तू पगार मोजतोस? तुला बांधून घ्यायचं नाही, पण बांधून घेणाऱ्यासारखं दिसायचं आहे. निदान मागे बसलेल्या पोराला तरी बांध! ते कार्लेखिंडीच्या वळणावर दोन सीटांच्या मध्ये उभं राहून समोरचा ट्रक मोजतंय, त्याचा पट्टा सीटखाली वेफर्सच्या चुऱ्यात पडलाय, आणि तू आरशात स्वतःच्या खांद्यामागची लाल शिलाई बघतोयस.

असो. रक्तदाब.

कायद्याचं म्हणाल, तर वाहनात परवानगीशिवाय असा बदल केला तर मालकाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे फिटिंगवाल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ‘काय होत नाय शेठ,’ हे त्याचं पोटकलम. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला तर त्यावर तो काळी चिकटपट्टी लावून देतो. ती बिलात धरत नाही.

गंमत म्हणजे शर्यत या किनाऱ्याला नवी नाही. बैलगाड्या वाळूवर धावत आल्या आहेत. २०१४ साली बंदी आली, २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो वैध ठरवला. त्या छकड्यावर हाकणाऱ्याला बसायला लाकूड असतं. त्याला फील कमी पडल्याची तक्रार आजवर माझ्या कानावर नाही. उलट, भरतीची वेळ न बघता वाळूत घातलेली हॅचबॅक रुतली की त्यालाच बैल घेऊन यावं लागतं. तोवर आतला वीर सीटमधून सुटायची खटपट करत असतो. बांध मांडीएवढे उंच; चढताना फील, उतरताना दोन माणसं. त्याच्या आईला एकदा हौसेने पुढे बसवलं होतं. ‘बाळा, आत बसवलंस खरं,’ ती म्हणाली, ‘पण काढणार कोण?’

राहता राहिल्या मूळ सीट. पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच कडेत शिवलेली असते, त्यामुळे सीट काढली की तीही गेली. टाकवत नाहीत म्हणून त्या घरी येतात. आमच्या शेजारी दोन्ही पडवीत मांडल्या आहेत. डावीवर मांजर. उजवीवर आजोबा, पाठ हवी तेवढी मागे पाडून, डोक्याला उशी, हातात पेपर, कुशीत न फुटलेली एअरबॅग. ती फुगवायला आत छोटा स्फोट व्हावा लागतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि बिडी ते तिथेच ओढतात. गेल्या महिन्यात नातवाने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक रोह्याचं, संसारी माणूस. भाव ठरला, फक्त सीट ओरिजिनल बसवून द्या म्हणाला. नातू पाना घेऊन पडवीत गेला. आजोबांनी पेपरचं पान उलटलं आणि म्हणाले, ‘मांजराखालची ने. ही मिळायची नाही.’