समाधानकारक खोकला

सरकारी पट्टीवर हवेचा निर्देशांक ५१ ते १०० यांच्यामध्ये असला की फोनवर फिकट हिरवा चौकोन उमटतो आणि त्याखाली शब्द येतो: समाधानकारक. समोर ‘आपटा, ता. पनवेल’ असं दिसत असलं, तरी आकडा आपट्यातल्याच यंत्राचा असेल असं नाही. तो जवळच्या शहरातल्या यंत्राचा असू शकतो, नाहीतर संगणकाचा अंदाज. ते सोडा. आपलं भांडण आकड्याशी नाही, शब्दाशी आहे. समाधानकारक म्हणजे समाधान करणारी. कुणाचं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मराठीत हा शब्द आपल्याला ठरावीक ठिकाणीच भेटतो. गणितात पस्तीस मिळवलेल्या पोराच्या प्रगतिपुस्तकात, तपास जागचा हलला नाही अशा गुन्ह्याच्या खुलाशात आणि छातीत कळ आलेल्या पुढाऱ्याच्या प्रकृतीविषयीच्या पत्रकात. तिन्हीकडे तो वाचताक्षणी माणूस समजून जातो की काहीतरी बिनसलंय. हवेच्या बाबतीत मात्र आपण तोच शब्द वाचतो आणि खिडकी उघडतो.

आता या शब्दाच्या पोटात काय भरलंय ते बघा. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग, हवेच्या दर घनमीटरमध्ये चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी आपली हवा समाधानकारकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत याच कणांची याच चोवीस तासांची मर्यादा आहे १५. म्हणजे चौपट झाली तरी आपलं समाधान ढळत नाही. त्याच्या वरच्या पायरीवर, ‘चांगली’ या शब्दावर, ३० पर्यंत जाता येतं, तेही दुप्पट. आणि खालची पायरी तर भाषांतरकाराने जन्माचं सार्थक करावं अशी आहे. मूळ इंग्रजीत तिचं नाव ‘मध्यम प्रदूषित’ अशा अर्थाचं होतं. मराठी बातमीत येईपर्यंत त्यातला ‘प्रदूषित’ गळून पडतो आणि उरतं नुसतं ‘मध्यम’. चहा मध्यम, साखर मध्यम, हवा मध्यम. मर्यादेच्या सहापटीपर्यंतची हवा आपण कपबशीतून फुर्र करून पितो.

पण खरी गंमत शब्दाच्या शेजारच्या बारीक अक्षरांत आहे. समाधानकारक हवेने ‘संवेदनशील व्यक्तींना किंचित श्वसनत्रास’ होऊ शकतो, असं या पट्टीचं स्वतःचंच म्हणणं आहे. श्वासाला त्रास देणारी ती समाधानकारक हवा, ही व्याख्या एकदा मान्य केली की मग पोटात कळ आणणारं ते समाधानकारक जेवण आणि पायाला चावणारी ती समाधानकारक चप्पल. त्यातही ‘संवेदनशील’ हे विशेषण कुणी निवडलं असेल त्याला साष्टांग नमस्कार. मराठीत संवेदनशील म्हणजे कवी. पहिल्या पावसात व्याकूळ होणारा, सिनेमात मध्यंतराआधीच रुमाल काढणारा. हा शब्द वापरला की दोष हवेवरून उडून माणसावर येऊन बसतो. हवा आपली बरी होती हो, हेच जरा हळवे निघाले. आता हे हळवे लोक मोजून बघा. दम्याची पोरं. दमा नसलेली पोरंही, कारण वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात. गरोदर बाया. साठी उलटलेले. हृदयरोगी. मधुमेही. चुलीच्या धुरात उमेदवारी झालेल्या आज्या. दिवसभर हायवेच्या कडेला उभं राहून भाजी विकणारे. एवढे वजा करून मागे उरतो एक निबर तरुण, ज्याला अजून मुलंबाळं नाहीत, आईबाप नाहीत आणि ज्याचं वय वाढणार नाही. हवा समाधानकारक आहे ती त्याच्यासाठी. त्याला शोधून त्याचा सत्कार करा, शाल द्या, नारळ द्या, पण उरलेल्या गावाला ‘संवेदनशील’ म्हणू नका. आजारी माणसाला आजारी म्हणायला सुद्धा लाज वाटावी अशी ही कसली सभ्यता?

या पट्टीची दुसरी खोड आपट्यासारख्या गावाला जास्त कळेल. हवेसाठी २००९ साली ठरलेल्या राष्ट्रीय मानकांत प्रदूषकं आहेत बारा. रोजच्या निर्देशांकात येतात आठ. गळालेली चार कोण? बेंझीन, बेंझोपायरीन, आर्सेनिक आणि निकेल. म्हणजे नेमकी ती, जी कर्करोगाच्या यादीत मानाने वर बसलेली आहेत. याला कारण आहे आणि ते रास्तही आहे. या चौघांची मर्यादा वर्षाच्या सरासरीवर आहे, रोजच्या आकड्यात ती बसत नाहीत. ठीक. पण मग रोजच्या चौकोनाखाली ‘आठ गोष्टी पाहिल्या, बाकीचं माहीत नाही’ एवढं छापायला जागा पुरत नव्हती का? पनवेलहून येताना आपट्याच्या आधीचं स्टेशन रसायनी. स्टेशनाच्या पाटीवरच कबुली आहे, निर्देशांकात नाही. इथल्या पाताळगंगेच्या खोऱ्यात उग्र दर्प पसरला तरी त्यातले बरेचसे वायू त्या आठांत नसतात. आणि जे असतात, तेही आठ किंवा चोवीस तासांच्या सरासरीत घोळवून निघतात, म्हणजे पहाटेचा ठसका दुपारपर्यंत शुद्ध होतो. नाक म्हणतं घाण, फोन म्हणतो समाधानकारक, आणि आपण नाकावर संशय घेतो.

बारीक कणांचा आणखी एक अवगुण म्हणजे ते रंग देत नाहीत. २०१७ साली कारखान्यांच्या तळोज्यात कुत्री निळी दिसली तेव्हा सगळे धावले, फोटो जगभर फिरले. कुत्र्यांचं नशीब. माणसं आतून काळी होतात, फोटोत येत नाहीत. कण फुप्फुसाच्या तळाशी जातात, तिथून रक्तात, आणि मग मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून हृदयविकार किंवा पक्षाघात येतो. हवेचं नाव येत नाही. बाहेरच्या प्रदूषित हवेने २०१९ साली जगभरात सुमारे ४२ लाख माणसं अकाली गेली असा अंदाज आहे. इतकी सगळी संवेदनशील माणसं.

आता आक्षेप. पहिला, की जागतिक मर्यादा थंड, श्रीमंत देशांना ठीक. आपल्याकडे माती उडतेच. उडते, पण उडत्या मातीचे कण बहुतेक जाडे असतात. बारीक कण येतात ते मुख्यतः जाळण्यातून: डिझेल, कोळसा, कचरा, भट्ट्या. दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. त्याच मार्गदर्शक सूचनांनी जास्त प्रदूषित भागांसाठी मधले टप्पे दिलेत, ७५, ५०, ३७.५, २५, मग आपले ६० काय वाईट? खरंय, एका दिवसात १५ वर कुणी उतरत नाही. पण त्या टप्प्यांचं नाव ‘अंतरिम’ आहे. पेणला निघालेली गाडी वाटेत आपट्याला थांबली तर ती थांबली असं म्हणतात; गार्ड खाली उतरून ‘समाधानकारकरीत्या पेण आलं’ असं सांगत नाही. तिसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो ऐकला की डोकं फिरतं. शब्द बदलल्याने कुठला कारखाना बंद पडणार आहे? पट्टीवर ‘समाधानकारक’ऐवजी ‘मर्यादेच्या चौपटीपर्यंत’ लिहिलं तर कुणाची पाळी सुटेल? भोंगा त्याच वेळी होईल. फरक एवढाच, की पोराला घेऊन दवाखान्यात आलेल्या बाईला आपलं पोर हळवं आहे असं वाटणार नाही. आणि लोक घाबरतील, हा शेवटचा आक्षेप. घाबरू द्या की! वीज पडते म्हणून घाबरतात, बिबट्या दिसला म्हणून घाबरतात. ज्याला घाबरायला हवं त्यालाच तेवढा फिकट हिरवा रंग?

आपटा या गावाचं नाव ज्या झाडाचं, त्याचं पान मधोमध चिरलेलं असतं, दोन गोल पाळ्या देठापाशी जुळलेल्या, हुबेहूब फुप्फुसांच्या जोडीसारख्या. वर्षातून एक दिवस आपण त्याला सोनं म्हणतो. तेव्हा देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही पक्कं ठाऊक असतं की हे पान आहे. खोटं बोलायचं तर इतक्या प्रामाणिकपणे बोलावं. रस्त्याकडेच्या आपट्याच्या पानावरून बोट फिरवलं की बोटाला करडी पूड लागते आणि पानावर हिरवी रेघ उमटते. झाडाला काही आत ओढून लपवता येत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. शब्द बदलायचा नसेल तर नका बदलू. मात्र ‘समाधानकारक’च्या खाली, ज्याचं समाधान झालं त्याची सही, हुद्दा आणि राहण्याचा पत्ता छापा. पत्ता पाताळगंगेच्या काठचा निघाला तर फारच छान. दसऱ्याला सोनं द्यायला जाऊ. पान फक्त आधी धुऊन घ्यावं लागेल.