चेटकिणी, कात्री आणि खोका

मायकेल रीव्ह्जचा ‘विचफाइंडर जनरल’ १९६८ साली आला, तेव्हा ब्रिटिश सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. अमेरिकी वितरकांनी त्याला एडगर ॲलन पोच्या कवितेचं नाव चिकटवलं. कथा १६४५च्या इंग्लंडातली, पोचा जन्म १८०९चा. पण पोच्या कथांवरल्या सिनेमांत गाजलेला नट विन्सेंट प्राइस म्हटल्यावर पो हवाच! पुढे तिथल्या व्हिडिओ आवृत्तीतून पॉल फेरिसचं मूळ संगीतही गायब झालं आणि सिंथेसायझर कोकलू लागला. दिग्दर्शक तोवर गेलेला होता, १९६९मध्ये, अवघ्या २५व्या वर्षी.

आता मेलेल्या म्हशीला मणभर दूध. कापलेली दृश्यं पुन्हा जोडली, की तीच कात्री जाहिरातीचा मजकूर होते. पडद्यावरचा मॅथ्यू हॉपकिन्स गावागणिक फी घेऊन चेटकिणी शोधतो. आपण व्हीएचएस, डीव्हीडी, ब्लू-रे अशी आवृत्तीगणिक फी मोजतो. माझ्या एका दर्दी मित्राकडे संग्राहक आवृत्तीचा खोका आहे, प्लास्टिक न फोडलेला. फोडलं की भाव उतरतो म्हणे. सिनेमा बघायचा झाला की तो माझी ओरखडलेली डीव्हीडी मागून नेतो.