लाव्हा पाहावा परदेशी

आइसलँडला जायचं, कॅम्परव्हॅन भाड्यानं घ्यायची, तेराशे किलोमीटरचा रिंग रोड फिरायचा, गाडीतच मॅगी शिजवायची आणि काळ्या कातळासमोर गहिवरायचं, ही पनवेलकराची ताजी तीर्थयात्रा. तो कातळ बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. उरणजवळच्या चिरनेरचा डोंगरही बेसाल्टच, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. त्यापुढे आइसलँड म्हणजे कालचं पोर. पण इथल्या लाव्ह्याला व्हिसा लागत नाही, मग त्याची किंमत ती काय? ब्रासच्या भावानं खडी! १९३० साली इथल्या जंगलासाठी सत्याग्रहींनी गोळ्या खाल्ल्या, तेही चिरनेरच्या गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या किती जणांना ठाऊक? गाडीतला मुक्काम तर इथेही आहे: उरणच्या रस्त्यावर तो करतात कंटेनरचे ड्रायव्हर. त्यांच्या स्टोव्हवरच्या भाताचा फोटो अजून कुणी टाकलेला नाही.