जाऊन आलेले सर

परभणीत परदेशी जाऊन आलेली माणसं आता पुष्कळ आहेत. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आलेल्या आज्या तर वसमत रोडवर गल्लीगणिक सापडतील. त्यांना कुणी काही विचारत नाही, कारण अमेरिकेबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत असतं. आफ्रिकेचं तसं नाही. म्हणून सरांचा भाव टिकून आहे.

सर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. मुलगा जोहान्सबर्गला नोकरीला. त्याच्याकडे सर आणि बाई एका जूनमध्ये राहून आले आणि तेवढ्या भांडवलावर सर दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्सवाना आणि झिंबाब्वे या चार देशांचे परभणी जिल्ह्यापुरते अधिकृत सल्लागार झाले. यांतले शेवटचे तीन देश त्यांनी नकाशात पाहिलेत. पण जिंतूरचा, सेलूचा, पूर्णेचा कुणीही तिकडं निघाला, की आधी व्हिसाचे कागद मुंबईला जातात आणि मग माणूस सरांकडे येतो.

"जायलाव म्हणं?" सर विचारतात. या प्रश्नात थोडी नाराजी असते. आपल्याला न विचारता तिकीट काढलं, ही.

"हाव सर, दिवाळीत."

"कुठून बदली इमान?"

इथे सरांचा हुकमी विषय सुरू होतो. मुंबईहून जोहान्सबर्गला थेट विमान नाही. माणूस अदिस अबाबा, नैरोबी, दुबई किंवा दोहामार्गे जातो. दुबई-दोहा म्हटलं तर सर पुढच्या मुद्द्याकडे वळतात. अदिस किंवा नैरोबी म्हटलं, की चष्मा काढून ठेवतात. इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचे देश. तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका लसीचं पिवळं कार्ड मागते. परत येताना भारत सरकार मागतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला उतरून सकाळी लस आणि रात्री विमान हा परभणीकरांचा आवडता बेत इथे चालत नाही. "दहा दिवस आधी," सर बोट वर करून सांगतात, "आणि एकदा टोचली की जन्माची चिंता मिटली." हे खरं आहे. २०१६ पासून ते कार्ड आयुष्यभर चालतं. सरांनी स्वतःचं कार्ड लॅमिनेट करून घेतलंय.

सरांच्या बोलण्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, याचा परभणीकरांनी अनुभवानं एक हिशोब बसवलाय. सर जनावरांबद्दल बोलू लागले की ऐकून सोडून द्यायचं. क्रूगर अभयारण्यातला सिंह दर बैठकीत गाडीच्या जरा जवळ येतो. मागच्या वर्षी तो बोनेटपाशी होता, या उन्हाळ्यात काचेला नाक लावून गेला. पण त्याच ओघात सर सांगतात, की क्रूगर आपल्या जिल्ह्याच्या तिपटीहून मोठं आहे, फाटकं उघडण्या-मिटण्याची वेळ महिन्यागणिक बदलते, उशीर झाला तर दंड होतो, ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचं नाही आणि पावसाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, तिथं मलेरिया असतो. हे मात्र लिहून घ्यायचं.

विजेबद्दल सर बोलतात तेव्हा सगळंच लिहून घ्यावं. त्या विषयात परभणीच्या माणसाला शिकवायची कुणाची प्राज्ञा नाही.

सर गेले तेव्हा दक्षिण आफ्रिकेत भारनियमन भरात होतं. २०२३ हे तर तिथलं सगळ्यात वाईट वर्ष. एस्कॉम ही सरकारी वीज कंपनी टप्पे जाहीर करायची आणि टप्पा वाढला की दिवसातून तीन-चारदा वीज जायची. मुलगा ओशाळून सांगू लागला, "बाबा, इथं लोडशेडिंग असतं." सरांच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद पसरला. २००५ नंतरची आपल्याकडच्या भारनियमनाची वर्षं त्यांनी काढलेली. गळती आणि थकबाकीवरून फीडरचे गट पाडायचे, कुठला गट चांगला आणि कुठला वाईट हे पोरांनाही पाठ असायचं. त्यांनी मुलाच्या मोबाइलवरचं वेळापत्रक दाखवणारं अ‍ॅप बघितलं आणि म्हणाले, "आधी सांगून वीज घालवायलेत, आन तुम्ही तक्रार करायलाव?" मार्च २०२४ अखेरपासून हा प्रकार बराच थांबला. २०२५ च्या सुरुवातीला थोडा डोकावून गेला. सरांना त्याचं जरा वाईट वाटलं असावं. बॅटरीवरचा दिवा बरोबर न्या, हा सल्ला त्यांनी अजून मागे घेतलेला नाही.

प्लगचं तर त्यांनी शास्त्रच केलंय. प्रवासी मंडळी दुकानातून जगभर चालणारा महागडा अ‍ॅडॉप्टर आणतात आणि तो दक्षिण आफ्रिकेच्या भिंतीत बसत नाही, कारण तिथल्या जुन्या बोर्डाला तीन जाड गोल पिना लागतात. सर पिशवीतून आपला साधा गिझरचा सोळा अँपिअरचा प्लग काढतात. "हे घ्या. हेच तिथं." दोन्हींचा पूर्वज एकच, इंग्रजांचं जुनं मानक. त्यामुळे स्टेशन रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जोहान्सबर्गला चालणारा प्लग मिळतो, हे सरांचं विधान फुशारकीचं वाटलं तरी पुराव्यानिशी आहे.

थंडीबद्दलही तेच. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून लोक जूनमध्ये सुती कपडे भरतात. जोहान्सबर्ग महाबळेश्वरपेक्षा उंच, साडेसतराशे मीटरवर, आणि जून-जुलै तिथला कडक हिवाळा. पहाटे पारा शून्याजवळ जातो. आपल्यासारखीच तिथल्या घरांतही ऊब देणारी सोय नसते. "विद्यापीठातली जानेवारीची पहाट आठवा," सर म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

खाण्याच्या बाबतीत मात्र बाईंचा अधिकार. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या, पण विमानतळावरून शहरात नेणाऱ्या गाऊट्रेनमध्ये डबा उघडू नका. त्या गाडीत खाणं, पिणं, च्युइंगम चघळणंसुद्धा मना आहे आणि दंड होतो. हे बाईंना कसं कळलं ते सर सांगू देत नाहीत. डर्बनला गेलात तर पाव कोरून त्यात रस्सा भरलेला 'बनी चाऊ' खा. शाकाहाऱ्यांना बीन्सचा मिळतो. तिथं आपली माणसं १८६० पासून आहेत, उसाच्या मळ्यांत राबायला नेलेली.

एकदा पाथरीच्या एका शेतकऱ्यानं मुलाच्या परसात लावायला 'परभणी क्रांती' भेंडीचं बी बॅगेत भरलं होतं. बियाणं, मध, दूधदुभतं तिकडं परवान्याशिवाय नेता येत नाही. सरांनी पुडी काढून घेतली. ती भेंडी विद्यापीठाचंच वाण. तिची अशी अडवणूक स्वतःच्या हातानं करावी लागली, हे त्यांना फार लागलं.

बैठक लांबली की सर गोखल्यांवर येतात. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ऑक्टोबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. सरांच्या मते जाऊन आलेल्या मराठी माणसांचे ते मूळपुरुष. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं उपरणं मेजवानीआधी चुरगळलेलं निघालं आणि इस्त्री केली ती गांधींनी. गांधींच्या टॉल्स्टॉय फार्मवर जाताना गोखल्यांना स्टेशनापासून पावसात चालावं लागलं आणि सर्दी झाली. गांधींच्या आग्रहावरून गोखले जोहान्सबर्गच्या सभेत मराठीत बोलले, कारण ऐकायला कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू होते. सर हे इतकं जवळून सांगतात, की नव्या माणसाला वाटतं, हे तिथंच पहिल्या रांगेत बसले होते.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं म्हणणाऱ्या गावाला जगाची भीती नसते. सरांना एकच भीती आहे, दुसरा कुणीतरी जास्त बघून येण्याची.

सेलूचं जोडपं तसं बघून आलं. केपटाऊन. सरांनी ते पाहिलेलं नाही. जोडपं उत्साहानं सांगू लागलं, की उत्तरेकडे जून कोरडा, पण केपटाऊनला जून-जुलैतच पाऊस, टेबल माउंटनवर जायचं राहिलं, चार दिवस भिजलो. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मी म्हणलो नव्हतो का?"

ते म्हणाले नव्हते. बाईंनी आतून तसं सांगितलंही.

दोन दिवसांनी मानवतचं कुटुंब आलं. सरांनी चहासुद्धा येऊ दिला नाही. "केपटाऊनला जायलाव ना? छत्र्या घेतल्या का?"