कर्ज होडीच्या नावावर

मँचेस्टर युनायटेडच्या मालकांविरुद्ध आंदोलन करावे की नाही, यावरून मालवणच्या धक्क्यावर दोन तट पडले आहेत. गावासाठी ही अभिमानाचीच बाब. ग्लेझर कुटुंबाचे कसब तर वादातीत. २००५ साली क्लब घेतला आणि खरेदीच्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर ठेवला. होडी आपण घ्यायची, हप्ते होडीने फेडायचे आणि बांगडा लागला तर तो मालकाचा! हे दर्यावर जन्म काढलेल्यांना सुचले नव्हते.

२ मे २०२१ रोजी मालकांविरोधात चाहते क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. जहाल तट तेवढ्यावरच उभा आहे. मवाळांचा प्रश्न मात्र मूलभूत आहे: "मालक गेले तर हरल्यावर गाळी कोणाक घालतलंव?"

अखेर तडजोड झाली. मालकांच्या खिशात मालवणचा एक पैसाही जाता कामा नये, असा ठराव आला. सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांच्या अंगात लाल जर्सी होती. आठवडा बाजारातली, अडीचशेची, छातीवर क्लबच्या नावात एक अक्षर कमी.