कार्बनवाला हात

हल्लीच्या बऱ्याच टॅब्लेटांची पेनं दाबाच्या ८१९२ पायऱ्या ओळखतात. माझ्या हाताला दोनच ठाऊक: टेकलेलं आणि रुतलेलं. दोन कार्बन घालून अर्ज भरलेली आमची पिढी. तिसऱ्या प्रतीवर आडनाव उमटलं नाही की खिडकीतून अख्खा अर्ज परत! असा हात हलका कुठून असणार?

वाकॉम कंपनीच्या चित्रं काढायच्या टॅब्लेटांच्या पेनात बॅटरी नसते. टॅब्लेटच्या चुंबकीय क्षेत्रातून ते आपल्यापुरती वीज उचलतं आणि टोक कुठं आहे, किती दाबलंय हे त्याच वाटेनं कळवतं. आकडा टाकून वीज घेण्याचा इतका सभ्य प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

चित्रांचं सॉफ्टवेअर म्हणून मी क्रिता वापरतो. ते फुकट आहे. बाकीची कारणं पाहुण्यांना सांगायची. (१९९१ साली पेंटर नावाचं सॉफ्टवेअर चक्क रंगाच्या डब्यातून विकायचे. आपल्याकडे लोकांनी डब्यासाठीच घेतलं असतं, पोहे भरायला.) क्रिताच्या सेटिंगमध्ये दाबाचा एक आलेख असतो. त्याची रेघ मधोमध धरून खाली ओढली की तुम्ही बऱ्यापैकी रेटलं तरी ते हलकंच मानून घेतं. ही सोय मी मोठ्या कौतुकानं बायकोला दाखवली. ती म्हणाली, "माझी रेघ मी लग्नाच्या वर्षीच खाली ओढलीय."

मग स्टॅबिलायझर. हात थरथरला तरी रेष थरथरत नाही. पेन वळण घेऊन थांबलेलं असतं, रेष मागून सावकाश येतेच आहे; पण येते ती अशी घोटीव की आपल्याच रेषेला अहो-जाहो करावंसं वाटतं.

या घोटीव रेषांनी मी मामांचं चित्र काढलं. 'एम' दाबून कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा केला, तेव्हा ताठ बसलेले मामा डावीकडं कलंडलेले दिसले. सरावलेल्या डोळ्याला न दिसणारा कल असा पकडतात म्हणे. कॉलर ओढूनताणून सरळ केली.

मामा बघायला आले. लेयर ही काय चीज आहे ते त्यांना समजावं म्हणून मी केसांच्या लेयरसमोरच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं. चित्रातलं डोकं लख्ख झालं.

"बघा मामा, केस वेगळे ठेवता येतात."

"त्यात काय," मामा म्हणाले, "मीही रात्री वेगळेच ठेवतो."