देवाचा पत्ता पक्का, कॅमेऱ्याचा नाही

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक, मंदिरं दोन. सव्वादहा महिने मुक्काम अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गात. दोन्ही गावच्या मानकऱ्यांत त्याचा लेखी करार होतो, म्हणून पौष पौर्णिमेला भंडारा घेऊन कुणी भलत्याच देवळात जात नाही. पत्ता बदलावा तर असा, सांगूनसवरून.

इंटरनेटवाल्यांना हे कोण सांगणार? गावातल्या घरावर कॅमेरे लागतात. पुण्यातल्या चिरंजीवांना ते मोबाइलवर दिसायला हवेत. कॅमेरावाला येतो, राउटरच्या पानावर डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या पेटीचा) पोर्ट घालतो, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग करतो, सेव्ह दाबतो, चहा पितो, जातो. पुण्यात काळा पडदा. मग फोन लावला की पलीकडून ठरलेला मंत्र: राउटर बंद करून चालू करा. तो जपून झाला की नवा राउटर येतो, आणि त्याच्याबरोबर तोच काळा पडदा.

बिचाऱ्या राउटरचा गुन्हा काय? इंटरनेटवरचे आयपीव्ही-४चे पत्तेच मुळात 429 कोटी, त्याहून जास्त तर माणसं आहेत. मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या कित्येक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. या दाटीवाटीचं भारदस्त नाव सीजीनॅट. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्याच दारात अडते. राउटरपर्यंत काही पोचलंच नाही, तर तो पुढे काय पाठवणार, कपाळ?

राउटर फेकण्याआधी त्याच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, वाचा. तो 100.64 ते 100.127 मध्ये असेल, तर खुशाल समजा की पोर्ट फॉरवर्डिंगवर घालवलेली संध्याकाळ वाया गेली. 192.168ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीचा मोडेमही राउटर बनून बसलाय. दोघांपैकी एकाला ब्रिज मोडमध्ये टाका. पत्ता खरा असूनही दिसत नसेल, तर डीव्हीआरचा घरातला आयपी बदललाय का ते बघा आणि तो कायमचा बांधून टाका. आणि तपासणी घरच्या वायफायवरून नको, मोबाइल डेटावरून करा. स्वतःच्याच घरात बसून बाहेरून दार वाजतंय का, हे कसं कळणार?

सीजीनॅट निघालं तर कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा. त्याचे बहुतेक वेगळे पैसे पडतात. नाहीतर डीव्हीआरचं क्लाउड अॅप वापरा. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर संपर्क साधतो, पोर्ट उघडावा लागत नाही.

पोर्ट उघडलाच, तर फॅक्टरीतून आलेला पासवर्ड आधी बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असे साठेक ठरलेले पासवर्ड घोकून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि 21 ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स आडवे पाडले. आपल्याकडे अजून 'अॅडमिन'च चालतो, आणि तो डीव्हीआरवर चिकटपट्टीनं लावलेलाही असतो.